किनाऱ्यालगतच्या घरासाठी स्लॅग काँक्रीट: नवख्यांसाठी मार्गदर्शन

कोकणात खाडीकाठच्या एखाद्या गावात पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा स्लॅब खालून नीट पाहिला, तर सळईच्या रेषेत पडलेल्या तांबूस भेगा, सुटलेले पोपडे आणि उघडी पडलेली गंजकी सळई बहुतेक ठिकाणी दिसते. अशा स्लॅबमध्ये ताकद कमी असते असे नाही. ज्या दिवशी तो ओतला त्या दिवसाच्या हिशोबाने तो पुरेसा मजबूतही असेल. परंतु खाऱ्या वाऱ्यातील मीठ ओलाव्याबरोबर काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरते, सळईपर्यंत पोचते आणि तिच्यावरचा संरक्षक थर मोडते. त्यानंतर गंज चढतो, गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असल्यामुळे काँक्रीट आतून फाटते, आणि फाटलेल्या जागेतून आणखी मीठ आत जाते. झोतभट्टीच्या धातुमळीचे, म्हणजे बोलीभाषेतील स्लॅगचे, काँक्रीट किनाऱ्यावर वापरावे असे जे सांगितले जाते त्याचे कारण हेच आहे. ते मिठाची वाट अरुंद करते. मात्र त्यासाठी त्याला पाणी आणि वेळ लागतो, आणि या दोन गोष्टींत कसूर झाली तर साध्या सिमेंटपेक्षाही वाईट फळ मिळू शकते. पुढील सर्व पायऱ्या याच एका गोष्टीभोवती मांडल्या आहेत.

पहिली पायरी: स्लॅग कोणता, हे ओळखावे

लोहखनिज, कोक आणि चुनखडी झोतभट्टीत तापवल्यावर वितळलेले लोखंड खाली बसते आणि खनिजातील सिलिका, अॅल्युमिना व चुना यांचा वितळलेला रस वर तरंगतो. हा रस संथपणे थंड होऊ दिला तर त्याचा स्फटिकयुक्त दगड बनतो व तो फार तर खडी म्हणून उपयोगी पडतो. तोच रस पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने क्षणात थंड केला तर काचेसारखे वाळूदार कण तयार होतात, आणि ते बारीक दळले की त्या पुडीत सिमेंटसारखा घट्ट होण्याचा सुप्त गुण असतो. हा गुण १८६२ मध्ये जर्मनीत एमिल लांगेन यांच्या लक्षात आला. दळलेल्या पुडीला बांधकामात जीजीबीएस म्हणतात आणि तिच्यासाठी भारतीय मानक आयएस १६७१४ हे आहे. रायगड जिल्ह्यात पेण तालुक्यातील डोलवी येथे झोतभट्ट्या असलेला पोलाद कारखाना असल्याने हा माल कोकणाला परका नाही.

नवख्या माणसाची खरी गफलत नावामुळे होते. पोलाद शुद्ध करताना निघणारा स्टील स्लॅग ही वेगळी वस्तू आहे. त्यात मोकळा चुना आणि मॅग्नेशिया राहू शकतो, आणि ओलाव्यात तो महिनोन्‌महिने फुगत राहतो. आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीत स्टील स्लॅगची खडी सळईच्या काँक्रीटमध्ये वापरण्यास मुभा नाही. त्यामुळे "स्लॅग आहे, स्वस्त आहे" म्हणून कोणी डंपर आणून उभा केला तर तो परत पाठवावा. भरावासाठी त्याचा उपयोग होऊ शकेल, पण घराच्या कॉलमसाठी मुळीच नाही.

दुसरी पायरी: आपली जागा कोणत्या वर्गात बसते ते ठरवावे

आयएस ४५६ या मानकात हवामानाच्या तीव्रतेनुसार पाच वर्ग आहेत. किनारी हवेतील काँक्रीट तिसऱ्या, म्हणजे तीव्र वर्गात येते. त्यासाठी सळईच्या कामात किमान एम ३० प्रत (म्हणजे २८ दिवसांनी चौरस मिलिमीटरला ३० न्यूटन ताकद देणारे काँक्रीट), घनमीटरला किमान ३२० किलो सिमेंट आणि पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.४५ सांगितले आहे. लाटांचे तुषार थेट अंगावर येत असतील तर जागा अतितीव्र वर्गात जाते, आणि तेव्हा एम ३५, ३४० किलो व ०.४५ हे आकडे लागू होतात. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील धक्क्याचे खांब वगैरे शेवटच्या वर्गात येतात व तेथे एम ४०, ३६० किलो आणि ०.४० पाळावे लागते. याच मानकात समुद्रकिनाऱ्यावरील कामासाठी स्लॅग किंवा पोझोलाना (राखेसारखी पूड मिसळलेले) सिमेंट हितकारक असल्याचे स्पष्ट लिहिले आहे. तालुक्याच्या गावात आजही "एम २० चालते, सगळे तेच करतात" असे ऐकू येते. चिपळूण, खेड, संगमेश्वर अशा आतल्या भागात त्यावर चर्चा होऊ शकेल, परंतु हर्णै, गणपतीपुळे किंवा मालवण येथे समुद्र दिसणाऱ्या जागेवर ती होऊ नये.

बर्फाविषयीचे वाचन किती मनावर घ्यावे

स्लॅग काँक्रीटविषयी जे लिखाण सापडते त्यातील मोठा भाग थंड देशांतला असतो आणि तेथे ताकदीखालोखाल चर्चा असते ती हिमाघाताची, म्हणजे काँक्रीटमधले पाणी वारंवार गोठून वितळल्यामुळे होणाऱ्या झिजेची. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. छिद्रे जवळजवळ पूर्ण भरलेली असतील तर त्या फुगण्याला जागा उरत नाही आणि काँक्रीट आतून तडकते. त्यावर उपाय म्हणून मिश्रणात विशिष्ट रसायनाने अतिसूक्ष्म हवेचे बुडबुडे मुद्दाम तयार करतात. आयएस ४५६ नुसार ओल्या स्थितीत गोठणाऱ्या जागी, एम ५० पेक्षा कमी प्रतीचे काँक्रीट असल्यास, २० मिलिमीटर खडीसाठी एकूण हवा ५ टक्क्यांच्या आसपास असावी. स्लॅग घातल्याने हिमाघाताचा प्रतिकार आपोआप वाढत नाही. बुडबुडे नीट असतील आणि काँक्रीट गोठण्याआधी पुरेसे पक्के झाले असेल तर स्लॅगचे काँक्रीटही चांगले टिकते. मात्र रस्त्यावरचा बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात तेथे स्लॅगचे प्रमाण फार असेल तर पृष्ठभागाचे पापुद्रे सुटण्याचा धोका वाढतो. म्हणूनच अमेरिकी संहितेत अशा जागी स्लॅगला एकूण सिमेंटजन्य पदार्थाच्या ५० टक्क्यांची मर्यादा आहे.

हे सर्व लडाख किंवा लाहौलमध्ये बांधणाऱ्याने मन लावून वाचावे. कोकणात पारा गोठणबिंदूच्या जवळपासही जात नाही. त्यामुळे हवेचे बुडबुडे निर्माण करणारे रसायन येथे हिमाघातासाठी घालण्याचे कारण नाही, उलट प्रत्येक टक्का जादा हवेमागे ताकद साधारण पाच टक्क्यांनी घटते. तरीही त्या वाचनातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. हिमाघात असो वा मिठाचा मारा, नुकसानीचे वाहन पाणीच असते आणि त्याची वाट छिद्रांतून जाते. मानकाने किनारी हवा आणि ओल्या स्थितीत अधूनमधून होणारे गोठणे या दोन्ही अवस्था एकाच तीव्र वर्गात ठेवल्या आहेत. दुसरी गोष्ट अशी की स्लॅगची रासायनिक क्रिया थंडीत फार मंदावते आणि उबेत चांगला वेग घेते, म्हणून थंड देशातील लेखकाने सुरुवातीच्या ताकदीविषयी व्यक्त केलेली चिंता आपल्याकडे बरीच सौम्य होते.

तिसरी पायरी: सिमेंट निवडावे आणि जपावे

दोन मार्ग आहेत. एक म्हणजे आयएस ४५५ प्रमाणे बनवलेले पोर्टलंड स्लॅग सिमेंट, ज्याला दुकानात पीएससी म्हणतात. त्यात २५ ते ७० टक्के स्लॅग असतो. दुसरा म्हणजे ओपीसी, म्हणजे काहीही न मिसळलेले साधे पोर्टलंड सिमेंट, आणि जीजीबीएस स्वतंत्रपणे घेऊन मिश्रण करताना एकत्र करणे. दुसरा मार्ग रेडीमिक्स प्लांटसाठी योग्य आहे, कारण तेथे दोन्ही पदार्थ वजनाने मोजले जातात आणि प्रत्येक गाडीच्या चलनावर दोन्हींचे किलो लिहिलेले असतात. ते चलन वाचल्याशिवाय गाडी रिकामी करू देऊ नये. गावातल्या छोट्या मिक्सरवर, घमेल्याच्या मापाने, दोन पुडी सारख्या मिसळतील यावर माझा विश्वास नाही. तेथे पीएससीची बॅग घ्यावी आणि तिच्यात आणखी जीजीबीएस किंवा राख मिसळू नये. बॅगवर पीएससी व आयएस ४५५ हे दोन्ही छापलेले आहे ना, हे पाहावे, कारण मागणी न करता मिळते ते बहुधा राखेचे पीपीसी, म्हणजे पोर्टलंड पोझोलाना सिमेंट, असते. ते वाईट नाही, पण ते वेगळे आहे.

प्रमाणाबाबत माझे मत असे की पायासाठी ५० ते ६० टक्के आणि स्लॅब-बीमसाठी ४० ते ५० टक्के स्लॅग ठेवावा. जाड पायात स्लॅगमुळे उष्णता सावकाश निर्माण होते आणि आतून तडे जाण्याची शक्यता घटते, तर स्लॅबखालचे टेकू किती दिवस अडकून राहतात याचाही विचार करावा लागतो.

कोकणातल्या दमट हवेत सिमेंट साठवणे ही स्वतंत्र कला आहे. बॅगा जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर, भिंतीपासून सुट्या, दहापेक्षा जास्त थर न लावता रचाव्यात व वरून प्लास्टिकने झाकाव्यात. बॅगवर भरल्याचा आठवडा आणि वर्ष छापलेले असते. तीन महिन्यांपेक्षा जुना माल तपासल्याशिवाय वापरू नये.

चौथी पायरी: वाळू आणि पाणी यांतून मीठ आत येऊ देऊ नये

बाहेरचे मीठ रोखण्यासाठी एवढा खटाटोप करायचा आणि आतूनच मीठ घालायचे, असा प्रकार किनाऱ्यावर सर्रास घडतो. खाडीची वाळू धुतल्याशिवाय वापरली की तिच्याबरोबर क्षार आत येतात. सळईच्या काँक्रीटमध्ये घनमीटरमागे एकूण क्लोराइड ०.६ किलोपेक्षा अधिक नसावे आणि मिश्रणाच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड नसावे, अशी मर्यादा आहे. आज बहुतेक कामांत काळ्या दगडाची क्रश सँड मिळते आणि तीच घ्यावी. खाडीची वाळू घेणे अपरिहार्य असेल तर ती गोड्या पाण्याने धुवावी आणि शेवटच्या धुवणाचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकल्यावर पाणी दुधाळ झाले तर क्लोराइड आहे हे लगेच कळते, प्रमाण मात्र प्रयोगशाळाच सांगू शकते.

विहिरीबाबत एक इशारा द्यावासा वाटतो. खाडीलगतच्या विहिरी पावसाळ्यानंतर गोड असतात, पण चैत्र-वैशाखात पातळी खाली गेली की त्यांत खारे पाणी झिरपते. डिसेंबरात तपासलेल्या पाण्याचा दाखला मे महिन्यात उपयोगाचा नाही. मिश्रणासाठी आणि नंतर स्लॅबवर मारण्यासाठीही हेच लागू आहे.

पाचवी पायरी: पाण्याचा हिशोब लिटरमध्ये करावा

पन्नास किलोच्या एका बॅगेला ०.४५ या प्रमाणाने २२.५ लिटर पाणी बसते, आणि यात वाळूतील ओलसरपणाही धरावा लागतो. एका बॅगेमागे ९० किलो वाळू पडत असेल आणि तिच्यात ४ टक्के मोकळे पाणी असेल, तर ३.६ लिटर पाणी वाळूबरोबरच आलेले असते. मिक्सरमध्ये घालायचे पाणी मग १८.९ लिटरच उरते. मिश्रण "कडक वाटते" म्हणून मिक्सरवाल्याने वरून तीन लिटर ओतले तर प्रमाण ०.५१ होते, म्हणजे एका झटक्यात आपण किनाऱ्याच्याच नव्हे तर त्याखालच्या सौम्यतर वर्गाच्याही मर्यादेबाहेर जातो. त्या जादा पाण्याने जी छिद्रे तयार होतात ती पुढे स्लॅगही पूर्ण बुजवू शकत नाही. काम सैल हवे असेल तर पाणी न वाढवता प्लास्टिसायझर वापरावे आणि त्याची मात्रा आधी छोट्या मिश्रणावर ठरवून घ्यावी. मापासाठी खुणा केलेली बादली ठेवावी. पाइप थेट मिक्सरमध्ये सोडलेला दिसला तर तो आधी काढावा.

मिश्रणाचे प्रमाण अभियंत्याकडून वजनाने ठरवून घ्यावे. एम ३० साठी प्रयोगशाळेत गाठायची सरासरी ताकद ३८.२५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर धरतात, कारण जागेवर होणारे चढउतार त्यात सामावून घ्यायचे असतात.

सहावी पायरी: कव्हर

तीव्र वर्गात सळईवर ४५ मिलिमीटर, अतितीव्र वर्गात ५० आणि भरतीच्या पट्ट्यात ७५ मिलिमीटर काँक्रीटचे कव्हर हवे. नकाशात हे आधीच धरलेले असले पाहिजे, कारण १२५ मिलिमीटर जाडीच्या स्लॅबमध्ये १० मिलिमीटरची सळई २० मिलिमीटर कव्हरऐवजी ४५ वर बसवली की तिची परिणामकारक खोली १०० वरून ७५ मिलिमीटरवर येते. ताकदीत पडणारा हा फरक गवंड्याने जागेवर ठरवण्यासारखा नाही. स्लॅबची जाडी वाढवायची की सळई, हे अभियंत्यानेच सांगावे. कव्हर ब्लॉक त्याच प्रतीच्या मिश्रणाचे आधी करून, पाण्यात ठेवून पक्के केलेले असावेत. सळईखाली चिऱ्याचा तुकडा सरकवण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. जांभा पाणी शोषतो, आणि तो तुकडा म्हणजे मिठाला सळईपर्यंत नेऊन सोडणारी वातच ठरते.

सातवी पायरी: ओतणे

व्हायब्रेटर बेताने व सर्वत्र चालवावा, कारण मधाच्या पोळ्यासारखी पोकळ राहिलेली जागा उत्तम मिश्रणही निकामी करते. स्लॅगचे मिश्रण किंचित सावकाश घट्ट होते, त्यामुळे शेवटची घासाई करण्याची घाई करू नये. वर आलेले पाणी ओसरण्याआधी थापी फिरवली आणि त्यावर कोरडे सिमेंट भुरभुरले, तर वरचा थर नंतर सोलून निघतो. फेब्रुवारीनंतर दुपारच्या वाऱ्यात ओतायचे असेल तर घट्ट होण्याच्या या संथपणामुळे पृष्ठभाग आधीच सुकून बारीक भेगा पडतात. अशा वेळी काम पहाटे सुरू करावे आणि पूर्ण झालेला भाग लगेच प्लास्टिकने झाकत जावे.

आठवी पायरी: पाणी आणि पंचांग

स्लॅगचे काम दुहेरी असते. ओपीसी पाण्याशी संयोग पावताना जो मोकळा चुना सोडते, त्याच्या साहाय्याने स्लॅगचे कण जागे होतात, स्वतः घट्ट होणारा पदार्थ तयार करतात आणि छिद्रांमध्ये तो भरत जातात. स्लॅगमधील अॅल्युमिना काही क्लोराइडला बांधूनही ठेवतो. ही क्रिया आठवड्यांनी नव्हे, महिन्यांनी मोजण्याजोगी असते आणि आतील ओलावा संपला की ती जागच्या जागी थांबते. ज्या काँक्रीटला तीन दिवस पाणी मारून सोडून दिले, त्याच्या वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये, म्हणजे नेमक्या कव्हरमध्ये, स्लॅग हा केवळ महाग धूळ म्हणून पडून राहतो. मानकानुसार मिश्र सिमेंटला किमान १० दिवस आणि उष्ण, कोरड्या हवेत १४ दिवस पाणी हवे. माझा आग्रह किनाऱ्यावर सरसकट १४ दिवसांचा आहे. स्लॅबवर मातीचे किंवा सिमेंटचे वाफे घालून पाणी तुंबवावे. कॉलमला गोणपाट गुंडाळून ते भिजते ठेवावे, कारण सकाळ-संध्याकाळ पाइपने केलेली फवारणी अर्ध्या तासात वाऱ्यावर उडून जाते. समुद्राचे किंवा खाडीचे पाणी यासाठी कधीही वापरू नये.

यातूनच महत्त्वाचा निर्णय निघतो तो महिन्याचा. दिवाळीनंतर, नोव्हेंबर-डिसेंबरात ओतलेल्या स्लॅबला गोड विहिरीचे पाणी मिळते, हवा सुसह्य असते आणि जूनमध्ये पहिला जोराचा नैर्ऋत्य वारा समुद्राचे तुषार घेऊन येतो तेव्हा काँक्रीट सहा महिन्यांचे झालेले असते. मेच्या मध्यावर घाईने ओतलेल्या स्लॅबला खारट विहीर, तापलेला वारा आणि तीन-चार आठवड्यांत पाऊस भेटतो. पाऊस स्वतः वाईट नाही, त्याच्याइतके चांगले पाणी कोणी मारू शकत नाही. परंतु समुद्रासमोरच्या बाजूस कोवळे काँक्रीट मिठाला फार लवकर सामोरे जाते. शिमग्याच्या आत स्लॅब होत नसेल तर समुद्राकडील भाग पावसाळ्यानंतर ओतावा, असे मी सुचवतो, आणि घरमालकांना हे फारसे आवडत नाही.

नववी पायरी: क्यूब फोडावेत, मगच टेकू काढावेत

प्रत्येक ओतकामातून ताकद तपासण्यासाठी १५० मिलिमीटरचे क्यूब, म्हणजे काँक्रीटचे ठोकळे, भरावेत. नेहमी ७ आणि २८ दिवसांचे करतात. स्लॅगसाठी ५६ दिवसांचे तीन क्यूब वेगळे ठेवावेत. साध्या सिमेंटचे काँक्रीट ७ दिवसांत २८ दिवसांच्या ताकदीच्या सुमारे दोन तृतीयांशापर्यंत जाते, तर निम्मा स्लॅग असलेले त्याहून मागे असते, २८ दिवसांच्या आसपास बरोबरी करते आणि पुढे वाढत राहते. ७ दिवसांचा आकडा कमी आला म्हणून घाबरून पुढच्या मिश्रणात सिमेंट वाढवू नये, आणि तो कमी असतानाही कॅलेंडर पाहून टेकू काढू नयेत. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी आणि त्याहून मोठ्या स्लॅबचे १४ दिवसांनी काढावेत, हा मानकातला नियम साध्या पोर्टलंड सिमेंटसाठी आहे. स्लॅग असेल तेव्हा जागेवरच, स्लॅबशेजारी त्याच पाण्यात ठेवलेले काही क्यूब फोडून अभियंत्याने होकार दिल्यावरच सेंट्रिंग उतरवावे. सेंट्रिंगवाल्याच्या फळ्या चार-आठ दिवस अधिक अडकतात, त्याचे भाडे आधीच ठरवून घ्यावे म्हणजे वाद होत नाहीत.

साचा काढल्यावर किंवा क्यूब फोडल्यावर आतला रंग हिरवट-निळा दिसला तर दचकू नये. एका कामावर हा रंग पाहून मालकाने भेसळीच्या संशयाने गवंड्यांचा हिशोब रोखून धरला होता. स्लॅगमधील गंधकाच्या संयुगांमुळे हा रंग येतो, आणि हवा लागली की तो काही दिवसांत विरून नेहमीचा, उलट जरा उजळ राखाडी रंग उरतो. मालकाला दाखवण्यासाठी फुटलेल्या क्यूबचा एक तुकडा आठवडाभर उन्हात ठेवून द्यावा.